राणीच्या पडद्याला आमचा टाका

तीर्थरूप दादास, धाकट्याचा इथूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? उगाच जिने चढउतर करू नकोस. वहिनीला सांग, तिनं हिला दिलेला स्वेटर रोज कामी येतोय (सध्या तो मी घालतो). तुझ्यानं पायमशीन चालवत नाही, मला एकट्याला दुकान झेपणार नाही, म्हणून सोमवारी मशीन त्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायचं आणि पडद्यांचा धंदा गुंडाळायचा, हे निघताना ठरलंच आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

इकडे परदेशात आल्यापासून मी जरा तरंगतोच आहे. कन्या यादी हातात घेऊन आम्हाला चित्रांमागून चित्रं दाखवत पळवते, आणि मी एका खिडकीच्या चित्रापाशी अडकतो. त्यातला पडदा वाऱ्यानं फुगलाय, आणि खरं सांगतो, मला गालावर वारा लागला. ही म्हणाली, वर एसी आहे. असेल. पण चुण्या काय एकसारख्या! (चित्रकाराच्या घरात आपल्या धंद्यातलं कुणीतरी असणार.) तासभर उभा होतो म्हणे.

काल राजवाडा. दालनामागून दालन, आरशात आरसा, उन्हाच्या पट्ट्यात धूळ सावकाश फिरतेय. सगळ्यांच्या माना छताकडे, माझी एकट्याची खाली. राणीच्या शेजघरात डाळिंबी मखमलीचा तीन पुरुष उंच पडदा, आणि त्याची खालची दुमड वीतभर उसवलेली! पुढचं धड आठवत नाही. भानावर आलो तेव्हा दोरी ओलांडून जमिनीवर मांडी घातलेली, कॉलरच्या आतली सुई (कायम दोरा ओवलेली, तुझीच शिकवण) हातात, आणि आठवा टाका चाललेला. तेवढ्यात शिटी वाजली. हिनं मला ओळख दाखवली नाही.

पहारेकऱ्यानं आम्हाला एका लहानशा खोलीत नेऊन बसवलं. कन्या रडकुंडीला आलेली. मग पांढरे हातमोजे घातलेल्या एक आजी आल्या. वाड्यातलं सगळं कापड त्याच सांभाळतात, आणि पडदा भिंगातून तपासूनच आल्या होत्या. आधी मला यथेच्छ झापलं (कन्येनं मराठीत निम्मंच सांगितलं), मग विचारलं, असा टाका कुठे शिकलात? मी म्हटलं, "दादानं शिकवला." एवढं बोललो आणि खिशात रुमाल शोधू लागलो. मशीनवर तू, खाली कापड सावरत मी, दुपारचं ऊन, सगळं एकदम समोर उभं राहिलं. आजींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आम्हाला सोडून दिलं.

तुझा, राजवाड्यातून सहीसलामत सुटलेला,
धाकटा

ता. क. आजींनी माझे आठही टाके उसवले. टाका अव्वल म्हणाल्या, पण डाळिंबी मखमलीवर पोपटी दोरा! सुईत गेल्या कामाचा राहिला होता, माझ्या ध्यानातही आलं नाही.

आणखी एक. सोमवारी गिऱ्हाईक येईल, त्याला मशीन देऊ नकोस. पाय मी मारीन, टाकाही मी घालीन. दोऱ्याचा रंग सांगायला तू नुसता शेजारी बस. त्याला गुडघा लागत नाही.