बॅटरीवरचं विमान

९ नोव्हेंबर १९९५, गुरुवार

आजही गुणा उठला नाही. चहा निवला, दुसरा केला, तोही निवला. भिंतीकडे तोंड करून पडलाय. वीस वर्षांचा मुलगा!

दवाखान्यातून घरी आणल्यापासून आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. यांनीच काढल्या सगळ्या — न्हाणीघराचीसुद्धा. फिनाईल, ढेकणांचं औषध, रॉकेलचा डबा, सगळं शेजारी तुळसावहिनींकडे ठेवलंय. लागेल तसं मागून आणते. वहिनी काही विचारत नाहीत. उपकार आहेत त्यांचे.

यांनी मानपाड्याच्या कारखान्यात कायमची दुसरी पाळी मागून घेतली. माझी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळची. मधल्या वेळेला तुळसावहिनी निवडायला भाजी घेऊन येऊन बसतात. गुणा एकटा राहायला नको. आम्ही नवराबायको दारातच भेटतो. "काही बोलला?" "नाही." संपलं.

एअरफोर्सची लेखी परीक्षा पास. मुलाखत पास. आणि मेडिकलला — लाल आणि हिरवा ओळखता येत नाही! एवढी वर्षं माझ्यासमोर वाढला, मला आईला पत्ता नाही. लहानपणी मिरच्या निवडायला बसवलं की पिकलेल्या आणि कच्च्या एकत्र करायचा. मी धपाटा घालायची.

१३ नोव्हेंबर

आज एक्स्चेंजच्या बोर्डावर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी. धाकूने बघितलं. आमच्याकडे केबलचं काम करतो, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. सगळं माहीत आहे त्याला. म्हणाला, "शेवंताबाय, रडून काय व्हनार? आंबिवलीच्या अंगाला माळावर दर रविवारी मानसं येतात. रेडिओवर विमानं उडवतात, ही एवढाली. तुज्या पोराला दाखव तरी."

त्या पोराला न्हाणीपर्यंत चालवत नेणं जमत नाही. माळावर कसं नेऊ?

१९ नोव्हेंबर, रविवार

मीच गेले. धाकू सोबत आलेला.

खरंच उडतात! कर्णिक म्हणून एक गृहस्थ आहेत, ठाण्याला माजिवड्याला राहतात, जहाजावरून रिटायर झालेत. हातात दोन दांड्यांचा रेडिओ, आणि वर आभाळात विमान त्यांचं ऐकतंय. मान दुखेपर्यंत बघत राहिले. कितीतरी दिवसांनी मला वाटलं, हे गुणाने बघायला हवं.

मग विमान खाली आलं आणि त्यांनी डबा काढला. इंजिनाचं तेल. मी वाकून बघायला गेले तर म्हणाले, "लांब व्हा ताई. मेथेनॉल असतं यात. पोटात गेलं तर डोळे जातात, जास्त गेलं तर माणूस!" हसत सांगितलं त्यांनी. त्यांचा काय दोष?

मी मागे सरले. असला डबा मी घरात आणू?

म्हटलं, "तेलाशिवाय चालणारं नसतं का?"

"बॅटरीवरचं? असतं. पण ताई, ते खेळणं झालं. बॅटरी जड, मोटर दुबळी. नवशिक्याला इंजिनच बरं."

"नाही. बॅटरीवरचंच हवं."

"पण का?"

का ते त्यांना कसं सांगू!

२२ नोव्हेंबर

यांना सांगितलं. ताटावरून उठले. "पोरगा मरणाच्या दारातून आलाय आणि तुला खेळण्याचं सुचतंय!" मरण हा शब्द घरात पहिल्यांदा आला. भिंतीपलीकडे गुणाने ऐकला असणार.

३ डिसेंबर, रविवार

पुन्हा आंबिवलीला. कर्णिकांनी आज नीट बसून समजावलं. इंजिनाचा हट्ट सोडलाय त्यांनी.

पंख विमानाच्या डोक्यावर हवेत, आणि दोन्ही टोकं किंचित वर उचललेली. म्हणजे नवशिक्याने चूक केली तरी विमान आपलं आपण सावरतं. सावरतं! हा शब्द ऐकून मी दुसरीकडेच बघायला लागले, कर्णिकांना डोळे दिसू नयेत म्हणून. हुकूम तीनच ठेवायचे — मोटर कमीजास्त, शेपूट डावी-उजवी, नाक वर-खाली. पंख हलवायची भानगड नको. वजन जितकं कमी तितकं चांगलं. त्यांचा जुना रेडिओ ते देणार आहेत.

शेवटी म्हणाले, "पंख लालभडक रंगवा. गवतात पडलं तर पटकन सापडतं."

मी म्हटलं, "पिवळा चालेल?"

"हिरव्यावर लालच उठून दिसतो हो."

"आमच्या घरात नाही दिसत," म्हटलं. मग हळूच म्हणाले, "पिवळा झकास."

९ डिसेंबर

मोटर शोधायला ठाणे स्टेशनजवळची दुकानं पालथी घातली. एकाने टेपरेकॉर्डरची मोटर दाखवली. दुसरा म्हणतो, "मॅडम, मिक्सर का मोटर ले जाओ, एकदम पावरफुल!" मिक्सर आभाळात उडवू का मी? रस्त्यात उभी राहून एकटीच हसले. मग लगेच लाज वाटली.

१७ डिसेंबर

कर्णिकांनी मुंबईहून मोटर आणून दिली. सोबत सात सेलांची बॅटरी. हातात घेतली तर वरवंट्यासारखी! "एवढी जड?" म्हटलं. म्हणाले, "आठ सेल घेतले तर जोर वाढेल, पण वजनही वाढेल. सहा घेतले तर हलकं होईल, पण उचलणार नाही. सातावर नशीब."

सगळं तसंच आहे आमचं. वाढवावं तर ओझं, कमी करावं तर जीव नाही.

मोटर गुणाच्या उशाशी ठेवली. बघितलंसुद्धा नाही.

२६ डिसेंबर

काही नाही. भात दोन घास.

७ जानेवारी १९९६

पंखांसाठी आणलेलं हलकं बाल्साचं लाकूड बिस्किटासारखं मोडतं. ब्लेडने बोटं कापून घेतली. आज जेवणाची भांडी घासून बाहेर आले तर हे जमिनीवर बसून मी चुकवलेली फळी घासत होते. फिटरचा हात आहे, सरळ घासतो. दुपारभर दोघं एका पंखावर बसलो. आतून खोकल्याचा आवाज आला, की दोघांचे हात थांबायचे.

१६ जानेवारी

पिवळा रंग वाळला. छान दिसतंय. दारातून गुणाला दाखवलं. डोळे मिटून घेतले त्याने.

कोणासाठी करतेय मी हे?

२१ जानेवारी, रविवार

पडलं.

यांना घरी गुणाजवळ बसवलं, मी आणि धाकू विमान घेऊन गेलो. कर्णिकांनी रेडिओ धरला, धाकूने पळत जाऊन विमान हातातून सोडलं. घराच्या उंचीइतकं वर गेलं. मी टाळी वाजवली! आणि तिथेच मोटर नुसती कुरकुरायला लागली. वर जाईना. कर्णिक दांड्या हलवतायत, विमान नाक वर करून खाली खाली येतंय. ढेकळांत आपटलं. डावा पंख मोडला.

"जोर कमी पडला," कर्णिक म्हणाले. "मी म्हटलं होतं, ताई."

घरी आले आणि माझ्या अंगात काय शिरलं कळत नाही. मोडका पंख नेऊन गुणाच्या पलंगावर टाकला. ओरडले. "बघ! एकदा तरी तोंड वळवून बघ! आम्ही काय करायचं ते तरी सांग!" हे धावत आले, माझा दंड धरला.

गुणा भिंतीकडे बघतच म्हणाला, "बॅटरीवालं आणलंस कशाला? इंजिनवालं उडालं असतं."

एवढं लांब वाक्य इतक्या महिन्यांत बोलला नव्हता. मला खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

"इंजिनाला जे तेल लागतं ना गुणा, ते विष असतं. ते मी या घरात कुठे ठेवू रे?"

यांनी माझा दंड सोडला. मग गुणा या कुशीवर वळला. माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांकडे बघितलं, चिंध्या बांधलेल्या.

"तेवढ्यासाठी?"

"हो."

पांघरूण तोंडावर ओढून रडला. लहान मुलासारखा, हमसून हमसून. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. हात लावावा की नको, कळेना. हे दारात उभे. शेवटी यांनीच येऊन त्याच्या पायांवर हात ठेवला.

२२ जानेवारी

रडला म्हणजे सुटला, असं वाटलेलं. नाही. पुन्हा भिंत.

२४ जानेवारी

बोलायला नको होतं मी ते. आईने तोंडावर असं सांगायचं असतं का? आता त्याला कळलंय की आम्ही रोज भितो. आधीच तेवढं ओझं, त्यावर हे. आज पाणीसुद्धा मागितलं नाही त्याने. एक्स्चेंजमध्ये तीन कॉल चुकीचे जोडले, साहेब ओरडले. ओरडू देत.

यांनी विमान माळ्यावर टाकलं. मी अडवलं नाही.

२७ जानेवारी, शनिवार

दुपारी स्वयंपाकघरातून आले तर गुणा स्टुलावर उभा, माळ्यावरून विमान काढतोय. दाढी केलेली. बॅटरी तळहातावर तोलून म्हणाला, "मोटरला गिअर लावून पुढे मोठा पंखा बसवला तर उचलेल बहुतेक. कर्णिक माजिवड्याला कुठे राहतात?"

पत्ता सांगितला. मोडका पंख वर्तमानपत्रात गुंडाळला त्याने. मी चपला घालायला लागले, तर म्हणाला, "मी एकटा जातो, आई."

गॅलरीतून बघितलंसुद्धा नाही मी. जिना उतरताना म्हणाला होता, "उशीर झाला तर घाबरू नकोस. येतो."