रांधणाऱ्याने बसून जेवावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाड्यांच्या व दुकानांच्या सीटची कव्हरे शिवणे, हल्ली डोळ्यांमुळे बंद. डोके मात्र शाबूत आहे. शंका असल्यास खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. त्यांना मी कालच पत्त्यांत हरवले आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. यापूर्वी केलेले नाही.

मला वारस दोन. थोरली मुलगी, औषधांच्या दुकानात कामाला. धाकटा मुलगा, जो सूनबाईसह माझ्याजवळ राहतो. सूनबाई इस्पितळात नर्स आहे.

एक. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या व मुलांच्या वडिलांच्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समसमान मिळावे. एकाला विकायचे असल्यास दुसऱ्याची लेखी संमती लागेल.

मुलगी गेल्या उन्हाळ्यापासून या घरात जेवलेली नाही, म्हणून हे कलम लांबणार आहे. त्या दिवशी ती आली तेव्हा ओट्यावर पिझ्झाची रिकामी खोकी होती. सूनबाई नुकतीच ड्यूटीवरून येऊन बसली होती. मुलगी तिला म्हणाली, "या घरात चूल पेटत नाही का गं आता?" सूनबाई उठून खोलीत गेली. मुलगा बहिणीवर चिडला, आणि मुलगी हात धुतलेले असूनही न जेवता निघाली. तेव्हापासून ती येते, माझ्या गोळ्या देते, दारातूनच परत जाते.

हेच वाक्य या घराने आधी ऐकले आहे. मुलगी तेव्हा लहान होती, तिला आठवत नसेल, म्हणून नोंदवून ठेवते.

कोपऱ्यावर बर्गरचे नवे रेस्टॉरंट निघाले तेव्हा तिथल्या बाकांची लाल रेक्झिनची कव्हरे मी शिवली होती. मालकाने खूश होऊन आम्हा चौघांना जेवायला बोलावले. तोवर माझे जेवण म्हणजे सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्याने खाल्लेले उरलेसुरले. कोणी तसा नियम केला नव्हता, पण तसेच चालत आले होते. त्या दिवशी मी माझ्याच शिवणीवर टेकून बसले आणि सगळ्यांच्या पुढ्यात जेवण एकदम आले. मुलगी दोन्ही हातांत बर्गर धरून माझ्याकडेच बघत होती. घरी येताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आई जेवते कशी, ते मी आज पाहिलं."

पुढच्या शनिवारी हे स्वतःच चपला घालून दारात उभे राहिले, आणि मग दर शनिवारचा तो पायंडाच पडला.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सगळ्या नातेवाइकांत सांगितले की हिच्या घरात चूल पेटत नाही, पोरे खोक्यातले खातात. हे त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलत नसत. पण एकदा भर बैठकीत म्हणाले, "वहिनी, शनिवारी माझी बायको माझ्या शेजारी बसून जेवते. मला आता त्याची सवय झालीय."

पुढे यांचे हृदयाचे दुखणे निघाले. डॉक्टरांनी तळलेले बंद केले, तसे शनिवारही बंद झाले. मला वाटले, संपले आता. पण हे सुतार. यांनी ओट्याचा एक भाग तोडून शेगडी खाली घेतली आणि तिला लागून जेवणाचे टेबल केले. रांधणाऱ्याने बसल्या जागी हात लांबवावा आणि गरम वाढावे. शिवाय एक दिवसाआड स्वयंपाकाला स्वतः उभे राहिले. यांचा पहिला भात पातेल्यातून खरवडून काढावा लागला. तिसऱ्या महिन्यात मी यांच्या हातच्या भाजीची वाट बघू लागले. कमी मिठाचे खाऊन हे पुष्कळ वर्षे जगले, आणि मी रोज बसून जेवले. माझ्या संसाराबद्दल माझी काही तक्रार नाही.

तेव्हा मुलीस सांगणे: रोज खोक्यातले खाऊ नये, हे तुझे खरे आहे. तुझ्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्यांची रांग तू रोज बघतेस. पण ते भावाला सांग. त्यालाही दोन हात आहेत, आणि त्याचा बाप स्वयंपाक करत होता.

दोन. वरील टेबल विकू नये, हलवूही नये. हलवल्यास त्याबरोबर भिंतही उखडून येईल.

तीन. शिवणयंत्र मुलीला. ते तेल मागते. बँकेतील शिल्लक दोघांना सारखी.

चार. थोरल्या जाऊबाई आता एकट्या असतात, एकट्यासाठी रांधायचा कंटाळा करतात. मी त्यांना शनिवारी त्याच रेस्टॉरंटमध्ये नेते. त्या दोन आइस्क्रीम खातात आणि शिवण कुठे उसवली आहे ते मला दाखवतात. ते वाक्य त्यांनी मागे घेतलेले नाही, मीही मागे घ्यायला सांगितले नाही. माझ्या पश्चात त्यांना नेण्याची जबाबदारी मुलावर राहील.

पाच. मी जाईन त्या दिवशी या घरात कोणीही शेगडीपाशी उभे राहू नये. सगळ्यांनी मिळून बाहेर जेवावे.

सही करण्याआधी पहिले कलम मी मुलीला बोलावून वाचून दाखवले. तिने कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "वहिनीला सुट्टी कधी असते?"

मी म्हटले, "तिलाच विचार."

तिने माझ्यासमोर फोन लावला. त्यामुळे पहिल्या कलमात फेरफार करण्याची गरज मला वाटत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली असे.

सही: मुलांची आई
साक्षीदार: १) खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई २) समोरचे निवृत्त मास्तर
(दोघांनाही या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, याची कल्पना दिली आहे.)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च