‘हो’वरची खूण

प्रिय रिशेल,

आपल्या वाडीतला सर्वेश आज गाडी घेऊन वसईला येतोय, त्याच्या हाती फणसपोळी आणि हे पत्र पाठवतेय. फणसपोळी मॅन्युएलमामाला दे आणि पत्र एकटीने वाच. फोन का केला नाही ते शेवटी कळेल.

गेल्या मंगळवारी आम्हा उपकेंद्रांवरच्या सगळ्या सिस्टरांना ओरोसला बोलावलं होतं. वैद्यकीय कॉलेजातून यशोदा नावाची एक मुलगी आली होती, तुझ्याहून फार तर पाचेक वर्षांनी मोठी. मेंदूज्वराच्या लशीबद्दल आम्हा कर्मचाऱ्यांना काय माहीत आहे आणि काय वाटतं, हा तिचा अभ्यास. तिने वीस प्रश्नांचा कागद वाटला. चोवीस वर्षं पोरांना टोचतेय, मला काय विचारता, अशा तोऱ्यात मी पाच मिनिटांत खुणा केल्या. शेजारी दोडामार्गची अनुजा. ट्रेनिंगपासूनची तिची सवय तुला ठाऊक आहे, माझं बघून लिहायची. शेवटचा प्रश्न होता, ‘तुमच्या मुलांना ही लस दिली आहे का?’ मी ‘हो’वर खूण केली. अनुजानेही केली. तिचं अजून लग्नही झालेलं नाही! मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला.

चहानंतर यशोदाने उत्तरं सांगितली आणि माझं हसू गेलं. आपण सगळ्यालाच मेंदूज्वर म्हणतो, पण तो आणणारे जंतू वेगवेगळे. बाळांच्या पेंटा लशीत त्यातल्या एकाचा बंदोबस्त आहे. तुमच्यासारख्या पोरांना वसतिगृहाच्या गर्दीत गाठणारा जंतू निराळा, त्याची लसही निराळी, मेनिंगोकोकल. ती आमच्या पेटीत येत नाही, खासगीत घ्यावी लागते. तो ताप धडधाकट पोराला एका दिवसात नेऊ शकतो. मला हे माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, जी लस आपल्या पेटीत नाही ती श्रीमंतांची थेरं, असं मी इतकी वर्षं बायकांना बिनदिक्कत सांगत आले.

मग परदेशातल्या तुझ्या कॉलेजच्या वसतिगृहाचा फॉर्म आठवला. जूनमध्ये मी बांगडे साफ करत होते आणि तू ओट्याशी येऊन विचारलंस, “ममी, ही मेनिंगोकोकल म्हणजे खंयची गो लस?” मी म्हटलं, “मेंदूज्वराची. ती पेंटातच असता. तुका माझ्याच हातान दिलंय.” हात पुसले, ‘घेतली’ असं लिहिलं, अंदाजाने तारीख टाकली, सही केली, वर उपकेंद्राचा शिक्का. रिशेल, पेंटा आपल्याकडे आली तेव्हा तू तिसरीत होतीस. म्हणजे तीसुद्धा तुला कधी दिलेली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लाज वाटली, आणि घरी येताना एस.टी.त तुझी भीती वाटून रडले. शेजारची बाई मला खारे दाणे देत होती.

तुझं विमान चौदाला. तुझ्या कॉलेजने फॉर्म मान्य केलाय, कुणी विचारणार नाही, हे मला कळतं. फोन केला असता तर तू “चालता गो ममी” म्हणाली असतीस आणि मी विरघळले असते. म्हणून काल आधी कॉलेजला मेल केला, की ती नोंद चुकीची आहे, चूक माझी, मुलीची नाही. आमच्या डॉक्टरांनाही सांगितलं. ते जे काय बोलतील ते मी ऐकून घेईन. कॉलेजचं उत्तर आलं, लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय खोली नाही. तुझा पहिला आठवडा बुडणार. रागाव, हवं तितकं रागाव. पण उद्याच सर्वेशबरोबर परत ये. पणजीत शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आहे. यशोदाच्या कागदावर माझी ‘हो’वरची खूण अजून तशीच आहे, ती मला खरी करायची आहे.

तुझीच,
ममी