पेट्रोलमधला कचरा

रोहा,
गौरी-गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९९६

प्रिय धनेश,

तुझं पत्र गणपतीच्या आधीच पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला त्याची कारणं म्हणजे गणपती, गौरी, तुझ्या बाबांचं पोट आणि तुझी मोटारसायकल. तू विचारलं होतंस, गणपती झाले की नम्रतासाठी पेणला खोली घेऊ का, नक्की सांग. उन्हाळ्यात मीच तुला लिहिलं होतं की आम्हा दोघींचं एका घरात जमायचं नाही. तिची नोकरी डोलवीला, तेव्हा पेणला वेगळं बिऱ्हाड केलेलं बरं, तिची दगदग वाचेल आणि माझं डोकं. ते काही रागाच्या भरात लिहिलं नव्हतं. चहा पिऊन, चष्मा पुसून, शांतपणे लिहिलं होतं. आता त्याचं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे. पण मधलं गाळून तिकडे उडी मारू नकोस. धडा न वाचता खालचे प्रश्न आधी वाचायची तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे, दोन वर्षं माझ्याच वर्गात होतास. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण बूथवाला नाथा कान देऊन ऐकतो आणि नम्रता माझ्या शेजारी उभी असते.

तू मस्कतला गेलास आणि घरात आम्ही तिघं उरलो. तुझे बाबा कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणजे खरं तर आम्ही दोघीच. आमचं भांडण कधी झालं नाही आणि तेच माझं दुखणं होतं. मी काही सांगितलं की ती "हो आई" म्हणते आणि स्वतःला हवं तेच करते. वालाच्या बिरड्यात गुळाचा खडा टाक म्हटलं, "हो आई", आणि ताटात बिरडं बिनगुळाचं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यात तुझी गाडी. जाताना तू तिच्यावर ताडपत्री घातलीस आणि मला म्हणालास, आई, लक्ष ठेव. मी ठेवलं. एका रविवारी बघते तर ताडपत्री जागेवर आणि गाडी गायब! सूनबाई गाडीवरून बाजारात गेल्या होत्या. गागोद्याला, माहेरी, लग्नाआधीच भावाने शिकवली होती म्हणे. हे तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नव्हतंस, त्याचा हिशेब तू आलास की होईल. मी मात्र साऱ्या आळीला बजावून सांगितलं होतं की ही गाडी एक दिवस हिला भररस्त्यात उभी करणार, तेव्हा बघा. काशीबाईला तर दोनदा सांगितलं होतं.

तर चतुर्थीची गोष्ट. आपला गणपती दरवर्षीप्रमाणे पेणहून, दिनानाथमामाच्या कारखान्यातून यायचा होता. आदल्या दिवशी आळीतले सगळे गणपती टेम्पोने आले, आपला तेवढा आला नाही. मामाने निरोप धाडला की डोळ्यांची आखणी राहिली आहे, सकाळी कोणीतरी या. सख्ख्या बहिणीचा गणपती शेवटी ठेवायचा, हे माझं माहेर. तुझे बाबा पहाटेच सोवळं नेसून बसले. देव पाटावर बसल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम तुला माहीत आहे. भटजींनी सांगून ठेवलेलं की पुढे वीस घरं आहेत, दुपारच्या आत मूर्ती आली तर पूजा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. एसटीत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. आम्ही एकमेकांची तोंडं बघत असताना ही आतून ताडपत्रीची घडी घेऊन आली आणि म्हणाली, "मी आणते गाडीवरून. आई, तुम्ही मागे बसून देव धराल ना?" मी तुझ्या बाबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहायला लागले.

जाताना गाडी लोण्यासारखी गेली, हे कबूल करायला हवं. मी वाटभर "हळू" एवढा एकच शब्द बोलले, तो मात्र पुष्कळ वेळा. पेणला पोचल्यावर तिने टाकी काठोकाठ भरून घेतली आणि आम्ही कारखान्यात गेलो. मामा आखणीला बसला होता. त्याला घाई केली की डोळा तिरका होतो, म्हणून ती आत थांबली आणि मी अंगणात गाडीपाशी उभी राहिले. बारीक भुरभुर होती. माहेरच्या त्या अंगणात उभी राहिले की माझे हात काही गप्प बसत नाहीत. थोडं इकडचं तिकडचं केलं. ते पुढे येईलच.

मूर्ती तयार झाली. रुमालाने तिचा चेहरा झाकला, माझ्या हातात दिली आणि आम्ही निघालो. तुझे आजोबा सांगायचे ते तुला आठवत असेल, कारखान्यातून उचललेला देव घरच्या पाटावरच टेकवायचा, वाटेत कुठेही खाली ठेवायचा नाही. तेव्हा रोह्यापर्यंत देव माझ्या हातात आणि मी तुझ्या गाडीवर एका अंगावर बसलेली. वडखळ आलं आणि गाडीने दोन आचके दिले, खोकली आणि बंद पडली. खरं सांगू का धनेश, मला आनंद झाला. बाप्पाला हातात घेऊन मला आनंद झाला! मी काशीबाईला काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करायला लागले.

वडखळला एक दाढीवाले गृहस्थ धावत आले, "प्लग! प्लग हाय!" म्हणाले आणि आपल्या रुमालाने प्लग पुसून दिला. तेवढ्यात नम्रताने टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू. दाढीवाले छाती फुगवून गेले. डोलवीपाशी पुन्हा बंद. तिथे शिफ्ट सुटलेली, कंपनीच्या गेटावरची पाचसहा पोरं जमली. त्यांचं म्हणणं, पेट्रोल खाली येत नाय, गाडी आडवी करून हलवा. त्यांनी तुझी गाडी म्हैस धुतल्यासारखी दोन्ही अंगांवर लोळवली. हिने पुन्हा झाकण उघडून आत पाहिलं, लावलं, किक, सुरू. पोरांनी मोरया केला. मी आपली रस्त्याच्या कडेला, देव घेऊन उभी. शाळेत मी पोरांना हात वर करून उभं करायचे ना, ती शिक्षा किती जड असते ते मला डोलवीला कळलं.

कासूला तर जत्राच भरली. गाडी एका घरासमोर बंद पडली आणि आतून सगुणा नावाची एक थोराड बाई आरतीचं ताट घेऊनच बाहेर आली. "अगो बाय, गाडीला काय बी झालेला नाय! देवालाच हितं थांबायचं हाय, तर तू किती बी लाथा मार." मग शेजारणी जमल्या, नारळ फुटला, माझ्या हातातल्या देवाची उभ्या उभ्या आरती झाली. एका म्हातारीने देवासोबत माझ्याही कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या पाया पडली. इकडे नम्रताने झाकण उघडलं, आणि या वेळी मी जवळ होते म्हणून ऐकलं. झाकण फिरवताच आतून "फुस्स" असा आवाज आला, कोणीतरी कोंडलेला श्वास सोडावा तसा. आणि मी झाकणावरची नजर काढून देवाच्या रुमालावर लावली.

कारण आता तुला अंगणातलं सांगते. टाकीच्या झाकणावर मधोमध टाचणी जाईल एवढं एक भोक आहे. ते मी अंगणात पाहिलं. लहानपणापासून मूर्तींची बारीक बारीक छिद्रं बुजवलेली ही बोटं, त्यांना भोक दिसलं की राहवत नाही. वर पाऊस. मला वाटलं, माझ्या धनेशच्या पेट्रोलात पाणी जाणार, आणि सूनबाईंचं तर लक्षच नाही! तिथेच लांबी पडली होती, खडूची पूड तेलात मळून करतात ती, मूर्तीच्या भेगांत भरतात. चिमूटभर घेतली, भोकात दाबली आणि अंगठ्याने सारखी केली. काम इतकं सुबक झालं होतं की मामाला दाखवावंसं वाटलं होतं. आता ते भोक कशासाठी असतं हे मला कोण सांगणार? टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही, हे मला कासूच्या रस्त्यावर, नारळाचा तुकडा चघळत असताना उमगलं. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की हवा आत जायची आणि गाडी चालायची. प्लग, लोळवणं, आरती, सगळ्यांना फुकटचं श्रेय.

आता तू म्हणशील, मग बोललीस का नाहीस. कशी बोलणार? ही गाडी हिला रस्त्यात उभी करणार असं साऱ्या आळीला सांगितलेलं, आणि उभी केली कोणी, तर मी. हातात देव असताना खोटं बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असा युक्तिवाद वर्गात कोणी केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. सगुणाबाई मागून ओरडत होती, "परत थांबली तर माघारी या गो, देव आमच्यात ऱ्हाऊ दे!" आणि मी मनात देवाला म्हणत होते, बाबा रे, घरी तुझ्यासाठी एक म्हातारा पहाटेपासून उपाशी बसला आहे, एवढं पोचव.

नागोठणं सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलो आणि गाडी पुन्हा खोकली. तिथे दोन्ही बाजूंना भातशेती, माणूस दिसेना. प्लग पुसायला दाढीवाले नाहीत की आरतीला सगुणाबाई नाही. ऊन डोक्यावर यायला लागलेलं. भटजी आता निघालेच असतील. माझे हात आता खांद्यापासून अवघडले होते, आणि डोळ्यांत पाणी आलं ते हातांमुळे असं मी ठरवलं. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच नम्रता उतरली, माझ्यापाशी आली आणि अलगद देव माझ्या हातांतून आपल्या हातांत घेतला. मग माझ्याकडे पाठ करून, भाताकडे बघत, ती म्हणाली, "आई, तुमच्या अंबाड्यात आकडा आहे ना? जरा झाकणाचं बघता का? मी धरते देवाला."

एवढंच. आकडा कशाला हवा, काय बघायचं, काही नाही. तिला कळलं होतं रे. बहुधा कासूलाच कळलं होतं. अंगठ्याची रेघ न् रेघ त्या लांबीवर उमटलेली होती. पण आता ती भाताकडे असं बघत होती जणू जन्मात भात पाहिला नव्हता. मी अंबाड्यातला आकडा काढला, भोक कोरलं, निघालेली लांबी पदराला पुसली. आतून हवेची बारीक शीळ आली. मी म्हटलं, "झालं." ती म्हणाली, "हो आई." तिचं ते "हो आई" मला पहिल्यांदा गोड लागलं. गाडी मग जी निघाली ती थेट आपल्या दारात थांबली. माझ्या तोंडून एकदाही "हळू" निघालं नाही.

दारात सगळी आळी उभी. भटजी पायात चपला घालत होते, ते थांबले. तुझे बाबा सोवळ्यात, भुकेने डोळे खोल गेलेले, तरी आधी गाडीकडे बघत होते. काशीबाईने विचारायचं ते विचारलंच, "काय गो नम्रता, बंद पडली ना गाडी? तुझी सासू सांगतच होती!" मी डोळे मिटले. आता ही बोलली तर तो तिचा हक्कच होता. वाटभर उन्हात किका तिनेच मारल्या होत्या. आणि ही देवाच्या चेहऱ्यावरचा रुमाल सारखा करत सगळ्यांदेखत म्हणाली, "पेट्रोलमध्ये कचरा आला होता. आईंनीच काढला." पुढचे चार दिवस आळीत माझा एवढा भाव वाढला की दत्तात्रेय सोनारांनी आपली बंद स्कूटर माझ्यासमोर आणून उभी केली. मी अंबाड्याला हात लावला आणि म्हटलं, सणासुदीचं मी गाड्यांचं काम करत नाही.

आता उत्तर. काल विसर्जन झालं, आणि रात्री तिने फळीवरून दोन पातेली, एक तवा आणि तिचा तो बिनगुळाचा मसाल्याचा डबा उतरवून बाजूला मांडला. तू खोलीचं तिलाही लिहिलेलं दिसतंय. मी पाहिलं आणि आत जाऊन पडले. झोप कसली येते. मला ती जायला नको आहे, धनेश. तू खोली घेऊ नकोस. तिला "राहा" म्हणायला सकाळी मी दोनदा स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही वेळा "दूध उतू जाईल" असं म्हणून परत आले. जन्मभर पोरांना "बस खाली" म्हणत आले, "राहा" म्हणायची जिभेला सवयच नाही. म्हणून हे पत्र. हे मिळताच तू तिला लिही की पेणला खोली मिळत नाही. पेणला खोली मिळत नाही यावर कुणाचा विश्वास बसेल? तिचाही बसणार नाही. ती पत्र वाचेल, माझ्याकडे पाठ करून थोडा वेळ परसात बघत उभी राहील, पातेली पुन्हा फळीवर ठेवेल, आणि कोणी विचारलं तर म्हणेल की घासायला काढली होती.

तुझीच,
आई