मागच्या दाराची दांडी

१५ ऑक्टोबर १९६२, सोमवार

आणि वर तो व्यंकोजी दात काढतो! सुपरवायझर झाला म्हणून? म्हणे, "अक्का, चार चिंध्या पेटल्या, एवढं काय?"

चार चिंध्या! अंबूचे दोन्ही हात फाटलेत. डॉक्टर म्हणतो, बोटं वळतील का, सांगता येत नाही. शिवणारणीची बोटं!

आम्ही कापड पळवू म्हणून शिवणखान्याचं मागचं दार बाहेरून बंद. पण आतून पितळेची दांडी होती. खाली दाबली की बाहेर कुलूप असलं तरी दार उघडायचं. आयुधपूजेला ती घासायला काढली. मशिनींबरोबर हळदकुंकू लावलं, आरती केली. मशिनी जागेवर गेल्या. दांडी नाही!

पुढच्या दाराशी आग. सगळ्या मागे धावलो. दांडीच्या जागी भोक! अंबू दाराच्या पत्र्याची कड धरून ओढत राहिली, बाहेरून किल्ली येईपर्यंत.

सोडणार नाही मी.

१६ ऑक्टोबर

हे म्हणतात, "स्वल्प गप्प बस. दोघंही तिथंच कामाला आहोत." यांना काय, मशिनींना तेल घालायचं आणि घरी यायचं!

१८ ऑक्टोबर, गुरुवार

व्यंकोजीला सगळ्यांसमोर धरला. दांडी का बसवली नाही?

"शेटचा हुकूम. तुम्ही बायका घटकेघटकेला बाहेर कुठं जायच्या?"

"मुतायला!" म्हटलं. "तुझी आई जात नाही?"

बायका खो खो हसल्या. त्याचं तोंड काळंठिक्कर. म्हणाला, "मी हात नाही लावला. मिस्त्री लोकांना विचार."

विचारते ना! ज्यानं केलं त्याला चौकात उभा करीन. त्याच्या बायकोनं पाय धरले तरी ऐकायची नाही.

१९ ऑक्टोबर

अंबूला दवाखान्यात पेज भरवली. म्हणाली, "सोड गं आता. तुझ्या घरात भांडण नको."

माझ्या घरात कशाला?

विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. मी उठलेच नाही. शेवटी बोलली. तिनं डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं होतं.

२० ऑक्टोबर, शनिवार

आप्पाजी.

लिहिलं नाव! बावीस वर्षं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आप्पाजी मिस्त्री. शेट म्हणाला, दांडी परत लावू नको. हा म्हणाला, सरी, नाही लावत. बायको आत बसते ते ठाऊक असून!

जेवायला वाढलं नाही. तोंडावर सांगितलं — सोमवारी भोंगा व्हायच्या आत सांगायचं. दांडी बसवून अंबूसमोर जाऊन उभा राहतोस, की मी पोलिसात जाऊ?

सोमवारपर्यंत उत्तर पाहिजे.