दुसऱ्या अंगठ्याची जागा

सोमवार, १२ नोव्हेंबर

लाडके ठमे,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. दादाला नमस्कार सांग. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिन्याची चढउतार जरा कमी कर.

इकडे सगळं ठीक. भट्टीचं दार पुन्हा कुरकुरत होतं. शेजारचा फ्रेमवाला तेल घालून गेला, अर्धं दाराला आणि अर्धं फरशीला. त्या तेलावरून मी दोनदा पडता पडता वाचले.

आता मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात तुझ्या फोनवर सारखे कोड येत होते ना? ती मीच. चोर नव्हता.

झालं असं की हस्तकलेच्या प्रदर्शनाच्या बाई आल्या होत्या. फळीवरच्या आपल्या जुन्या बशा त्यांनी उलट्यासुलट्या करून बघितल्या, खूश झाल्या आणि विचारलं, "तुमचं पेज आहे ना?" मी ऐटीत म्हटलं, आहे की! त्यांनी तिथल्या तिथे उघडलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. "अहो, शेवटची पोस्ट गेल्या थंडीतली. बंद पडलेलं दुकान वाटतंय. लोक आधी फोनवर बघतात, मग स्टॉलपर्यंत येतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत काहीतरी नवं टाका, मग स्टॉलच्या जागेचं बघू." ही जागा हातची गेली तर आपल्या बशा कुणी विचारणार नाही, ठमे. दारावरून जाणारे हल्ली कुंड्याच तेवढ्या नेतात.

पासवर्ड मला कुठून माहीत असणार! आईचं नाव घातलं, मांजरीचं घातलं, तुझा वाढदिवस उलटा-सुलटा घातला. मग 'कोड पाठवा' असं एक बटण दिसलं, ते दाबलं. माझ्या फोनवर काही येईना. वाटलं, रेंज नाही. पुन्हा दाबलं, अंगणात जाऊन दाबलं, स्टुलावर चढून दाबलं. फ्रेमवाला पोट धरून हसला. म्हणाला, "ताई, तो कोड तिच्या फोनवर जातोय. तुम्ही इथे बटण दाबताय आणि तिथे तिचा जीव खाताय." मग त्याने वर सांगितलं की कोडाबरोबर तुला विचारतात, हे तुम्हीच आहात का? तू 'मी नव्हे' दाबलंस तर पेज कदाचित कायमचं बंद.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. सकाळी उठल्याबरोबर पेज आहे का बघते. आहे. म्हणजे 'मी नव्हे' तू दाबलेलं नाहीस. पण 'मीच' असंही म्हणाली नाहीस. लहानपणी रुसलीस की अशीच बसायचीस, जेवायचीही नाहीस आणि ताटही सोडायची नाहीस.

आत जाता येत नाही तरी बाहेरून सगळं दिसतं, हे मला आत्ता कळलं. फोटो तू काढायचीस, लिहायचीस तू, मी आपली 'माझं तोंड नको येऊ देऊ' म्हणून ओरडायची. सगळे फोटो बघितले. तू बशीच्या काठावर रंगाची रेघ काढतेस, तो शेवटचा व्हिडिओही बघितला.

थंडी पडायला लागलीय. माती लवकर वाळत नाही, ते एक बरं आहे.

व्हिडिओबद्दल लिहिणार नव्हते. पण लिहिते, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती थापेबाजी होईल. त्याच्याखालचं सगळं मी वाचलं. 'रेघ आहे की भूकंप' असं कुणी लिहिलंय, आणि त्यावर ती हसरी तोंडं. दुसरा एक शहाणा म्हणतो, 'आता दुसऱ्या बहिणीला काढू द्या.' आणि तू मला सांगितलंस की डोळे दुखतात, कंटाळा आला, दादाकडे जाऊन येते. मीही येडी, चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणून तुझ्या मागे लागले! हात कापतो हे मला परवा वहिनीकडून कळावं? चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरतेस म्हणे.

मला फार राग आलाय, ठमे. आधी त्या मेल्यांचा आणि मग तुझा. एवढं सगळं एकटीने गिळलंस आणि मला कळूही दिलं नाहीस. तुझ्याशिवाय मला करमत नाही, झालं. लिहून टाकलं एकदाचं.

वर्षभर मी कुंड्याच केल्या. कुंडीच्या बुडाला आपल्या दोघींच्या अंगठ्यांचा ठसा लागत नाही. आता प्रदर्शनासाठी म्हणून बशा केल्या, आणि बूड साफ करून नेहमीसारखा डावीकडे माझा अंगठा दाबला. शेजारी तुझी जागा मोकळी. फ्रेमवाला म्हणाला, "दुसराही तुमचाच दाबा, कुणाला कळतंय!" एका बशीवर अंगठा टेकवलासुद्धा, पण दाबवेना. मग सगळ्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवल्या. रोज पाणी शिंपडते. कापडांना वास यायला लागलाय आणि शुक्रवार जवळ येतोय. बशा वाळवल्याशिवाय भट्टीत घालता येत नाहीत, आणि वाळल्या की अंगठा उठत नाही. हे तुला मी कशाला सांगायचं!

मला पेज हवंय, ते खरंच. पण तू कोड दिलास आणि मी आत गेले, तरी टाकू काय? बशीच्या बुडावर एकच अंगठा दिसला तर लोक विचारतील, दुसरी कुठे गेली?

रेघ काढायला ये असं म्हणत नाही. काढलीस तर मला हवीच आहे, कशीही असली तरी, पण त्यावरून मागे लागणार नाही. नुसता अंगठा दाब. त्याला हात स्थिर असावा लागत नाही. आणि लागलाच तर मनगट मी धरीन.

प्रदर्शनाचं काय व्हायचं ते होवो, शुक्रवारनंतरही मी पाणी शिंपडणार आहे. गुरुवारी सकाळी ते बटण पुन्हा दाबीन, एकदाच. फोन वाजला तर घाबरू नकोस. ताई दार वाजवतेय असं समज.

कापडं ओली ठेवून बसलेली,
तुझी ताई