शुक्रवारचं लग्न

९ जुलै, सोमवार

प्रिय केलेराताई,

तुझी आणि तुझ्या घरच्या सगळ्यांची आम्हाला फार फार आठवण येते. आम्ही इथे बरे आहोत. यंदा कोनफळ छान धरलंय. चर्चचं छप्पर अजून गळतं आणि पाद्री अजून तेच प्रवचन देतो. रिसॉर्ट भरलेलं आहे, चादरी धुऊन धुऊन माझी कंबर गेली. माझ्या हातांना खोबरेलाऐवजी ब्लीचचा वास येतो म्हणून तू चिडवायचीस ना, आता तो जेवतानाही जात नाही. माझी पोर लैसानी बरी आहे.

नाही ताई. लैसानी बरी नाही. पण आधी तुला शुक्रवारचं लग्न सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल या उनाइसीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

इथे दर शुक्रवारी जेवणाआधी पाहुण्यांसाठी खोटं लग्न लावतात. आमच्यातली एखादी मुलगी सालीच्या कापडाची मासी नेसून नवरी होते, पाहुण्यांतला कुणी हौशी नवरा, आणि आमचे थोरले भावजी, लैसानीचे मोठे काका, नवरीच्या घरचे वडीलधारे. नवरा तांबुआ पुढे करतो, भावजी घेतात, सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. तो देवमाशाचा दात लाकडाचा बरं का! भावजींनीच कोरलेला, चहात बुडवून पिवळा केलेला. टाळीसुद्धा खोटी, आपली खरी, ओंजळीतून ढप् वाजणारी नाही. मॅनेजर म्हणाला, "तुमची ती पोकळ टाळी मयताला आल्यासारखी वाटते, जरा आनंदाने वाजवा." म्हणून आम्ही हात सपाट करून फटाफट वाजवायचो. मला ते बरंच वाटायचं. हे खोटं आहे हे निदान आमच्या हातांना ठाऊक होतं.

शाळा सुटल्यापासून लैसानी नवरी होते. गेल्या शुक्रवारी नवरा झाला गॉर्डन. हा पाहुणा तिसऱ्यांदा आलाय, पलीकडचं छोटं बेट भाड्याने घेऊन त्याने तिथे घर बांधलंय. त्याने कापडातून दात काढला तो लाकडाचा नव्हता गं. खरा होता, जुना, मधासारख्या रंगाचा. कुठून मिळवला देव जाणे. भावजींच्या हाताला वजन कळलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तिथेच खाली ठेवायला हवा होता. पण जन्माची सवय! असा दात हातात आला की जे शब्द तोंडात येतात तेच आले. घेतला म्हणाले. आणि आमचे सगळ्यांचे हात आपोआप पोकळ झाले. माझेसुद्धा. ढप्, ढप्, ढप्. पाहुण्यांचे कॅमेरे खाली आले. गॉर्डन तेवढा हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो धुलाईच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "लैसानीचं सामान कधी पाठवतेस?" मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, "सामान कसलं साहेब, दोन फ्रॉक आणि एक बायबल!" तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही सगळ्यांसमोर घेतलंत. तुमचा रिवाज मी नीट विचारून आलोय."

मॅनेजरकडे गेले तर तो म्हणतो, "घर सांभाळायचं काम आहे, एवढं काय घाबरायचं? असं नशीब रोज दारात येत नाही." आणि भावजी! तो दात छपराला खोचून त्याच्याखाली बसून असतात, घासही उतरत नाही. "घेतलेला फिरवू कसा, उना? फिरवणाऱ्या घरात पोरं जगत नाहीत." ताई, ते खोटं बोलत नाहीत, तेही माझ्याइतकेच घाबरलेत.

स्वयंपाकघरातल्या पोरी लैसानीला "बाईसाहेब, बाईसाहेब" म्हणून चिडवत होत्या, तीही हसत होती. मग काल भांडी घासता घासता मला म्हणाली, "आई, तू का वाजवलीस तशी टाळी?"



आचाऱ्याची भाची गेल्या वर्षी त्याच बेटावर कामाला गेली होती. परत आली ती बोलतच नाही. चुलीजवळ बसून राख उकरत असते. तिच्या आईला विचारलं तर म्हणते, समुद्र बाधला. समुद्र कसा बाधेल गं आपल्या पोरींना? मला फार भीती वाटते. दारात सावली पडली तरी हातातली चादर गळून पडते.

बाबांचा तांबुआ तुझ्याकडे आहे. पोरीच्या आजोळच्या माणसांनी दात ठेवून पोर मागितली तर बापाकडच्यांना नाही म्हणता येत नाही. भावजी हे तोंडाने बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी बहीण बरी आहे ना? बऱ्याच दिवसांत आली नाही." तेव्हा तू ये, आणि दात त्यांच्यापुढे ठेव. मग आजोळचा हक्क वरचढ, गॉर्डनचा दात त्याला परत करायला ते मोकळे.

पण गुरुवारी तो बोट पाठवणार आहे, आणि तू पोचेपर्यंत थांबायचा धीर माझ्यात नाही. म्हणून भाजीच्या बोटीतून टोपलीभर चटई विणायची पानं पाठवतेय. ती पानं आणि हे पत्र घेऊन जी तुझ्यासमोर उभी आहे, ती लैसानी. तिला सांगितलंय, मावशीला टोपली देऊन त्याच बोटीने परत ये. तिला परत पाठवू नकोस. आधी जेवायला घाल, मग सांग. रडेल, रडू दे. इकडे येशील तेव्हा दात घेऊन एकटी ये.

फोन करू नकोस. सिग्नल फक्त मॅनेजरच्या टेकडीवर मिळतो, तिथे बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. ती पोचली असेल तर नावाड्याबरोबर माझी टोपली परत पाठव, रिकामी. एक मासा नको, एक फळ नको. इथे सगळे म्हणतील, रिकामी टोपली धाडली, केलेरा किती कंजूष. म्हणू देत, मीही त्यांच्याबरोबर तुला शिव्या घालीन.

ताई, तुझा हात सढळ आहे, मला माहीत आहे. एवढ्या वेळेला आवर.

रिकाम्या टोपलीची वाट बघत धक्क्यावर उभी असलेली,
तुझी उना